शेवटी ठेवलेलं चर्च

वहीत अकरा चर्च होती. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली, जुनी, एसटीनं गाठता येणारी. क्रम मी लावला होता, गाड्यांच्या सोयीनं. महिन्यातून एक रविवार, दोघांनी सकाळी निघायचं, संध्याकाळी नांदेडला घरी. मुरुडकडचं आधी, कारण गाड्या भरपूर. देवणीकडचं पाचवं. उमरीच्या पुढचं, नवऱ्याच्या जन्मगावचं, अकरावं. तिकडे दिवसाला दोनच गाड्या.

"माझंच शेवटी का?" त्यांनी विचारलं होतं.

"तुमचं गाव गैरसोयीचं आहे, मी काय करू?"

"देवाकडे जायलाही तुझंच वेळापत्रक."

आम्ही हसलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिथं त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. सासरे तिथल्या शाळेत मास्तर होते; बदली होऊन नांदेडला आले, ते परत गेलेच नाहीत. ते चर्च नवऱ्याला एकदा बघायचं होतं, एवढंच. आठवं चर्च झालं आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं हृदय बंद पडलं.

नववं आणि दहावं मी एकटीनं केलं. खुणा केल्या. अकराव्याला पाच महिने लावले.

गाडीतून उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. परतीची गाडी चारला, तीच शेवटची. चर्च लहान, काळ्या दगडाचं, पत्र्याचं छप्पर नवीन. बाहेर लिंबाखाली एक म्हातारे बसले होते. घंटा तेच वाजवतात, असं कळलं.

"तुम्ही कोणाच्या, माय?"

"मास्तरांची सून."

"मास्तरांची! अन् त्यांचं पोरगं कुठं हाय? लई खोडकर होतं. घंटेच्या दोरीला लोंबकळायचं."

मी सांगितलं.

 ते जरा रागानंच म्हणाले, "कळवलं न्हाई कोणी."

मग त्यांनी सांगितलं: इथं बाप्तिस्मा झालेलं माणूस कुठंही वारलं तरी घंटा इथं वाजते. वयाची जितकी वर्षं, तितके ठोके. घरच्यांनी फक्त निरोप धाडायचा. मला हे माहीत नव्हतं. दफनाच्या दिवशी मी कोणाकोणाला फोन करायचा त्याची यादी केली होती, दोन पानं. या गावाचं नाव त्यात नव्हतं.

"आता वाजवता येईल?" मी विचारलं.

"उशीर झाला म्हणून काय झालं? वय सांगा."

"सत्तावन्न."

त्यांनी दोरी धरली. मी आत, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळ उभी राहून मोजत होते. कुंडाचा काठ एका बाजूला झिजला होता. मी हात ठेवला. तो हात नवऱ्याचा असायला हवा होता.

सव्विसाव्याला म्हातारे धापा टाकत थांबले. तेवढ्यात फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"चारची आली, सूनबाई. पळा. राहिलेले मी पुरे करतो."

"तुम्ही बसा, काका."

पुढे होऊन मी दोरी त्यांच्या हातातून घेतली. ती जाड होती, हातांनी गुळगुळीत झालेली. पहिला ठोका देताना घंटा नीट बोललीच नाही.

"खाली ओढा अन् सोडून द्या," ते म्हणाले. "धरून ठेवू नका."

सत्तावीस. अठ्ठावीस. कंडक्टरनं दोनदा हॉर्न वाजवायला लावला असावा. एकोणतीस. तीस. मग गाडीचा आवाज ओढ्यापलीकडे गेला.

एकतीस.