लोखंडी गजाची संथा

आमच्या घरात विद्या कानाने शिरायची. वडील कल्याणात भिक्षुकी करत. गुरूने म्हणायचं, शिष्याने म्हणायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, अशी संथा घेऊन ते शिकले होते आणि शिकण्याची दुसरी रीत असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नसे. तरी मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानातली उष्णतेची उदाहरणं त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतली.

सकाळी स्नान उरकून मी त्यांच्यासमोर बसायचो. पुस्तकातलं इंग्रजी उदाहरण मी तीनचारदा वाचलं की ते त्यांच्या कानात पक्कं बसे. इतक्या फुटांचा लोखंडी गज इतके अंश तापवला तर किती वाढेल? प्रश्न, रीत, उत्तर, सगळं एका दमात म्हणायचं. मध्येच त्यांचं बोट वर जायचं.

"डिग्रीच्या आधी काहीतरी होतं रे."

आणि खरंच असायचं. त्या वेळी मला त्यांच्या कानाचं कौतुक वाटे. आज आठवलं की नुसता संताप येतो. कुणावर, ते मात्र सांगता येत नाही.

ठाण्याच्या शाळेतले मास्तरही याच घाण्यातून निघालेले. तेही उदाहरणं फळ्यावर उतरवून देत आणि उत्तरं पाठ करायला सांगत. शाळेला जाताना कल्याण स्टेशनात मी रूळ ओलांडायचो. दोन रुळांच्या सांध्यात फट ठेवलेली असे, उन्हाने लोखंड वाढलं तर त्याला जागा हवी म्हणून. हेच उदाहरण मी तोंडाने पुटपुटत त्या फटीवरून पाय टाकत होतो. दोन्ही एकच, हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझ्याही टाळक्यात शिरलं नाही.

कचेरीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी वडिलांना शब्द दिला होता, मुलगा मॅट्रिक होऊ दे, कारकुनांत घेतो. पण वयाची अट होती आणि माझं वय सरत आलं होतं. वडिलांची नजर मंदावत चालली होती. आपल्या मुलाने पंचा खांद्यावर टाकून लोकांची दारं पुजू नयेत, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

पहिल्या खेपेला परीक्षकाने गजाची लांबी बदलली. मला पत्ताही लागला नाही. ओळखीचा प्रश्न भेटला या आनंदात मी पाठ केलेलं उत्तर लिहून आलो. नापास झाल्यावर वडील म्हणाले, "कुठेतरी कानामात्रा चुकली असेल," आणि आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्यापासून धरलं. दुसऱ्या खेपेला गज पितळेचा निघाला.

तिसरी खेप शेवटची. या वेळी थंड पाण्यात ऊन पाणी ओतलं होतं आणि मिश्रण किती ऊन होईल असं विचारलं होतं. आकडे आपले नव्हेत, हे मला दिसलं. पण दिसून करतो काय? हेच आकडे असलेलं उदाहरण आठवत बसलो तोवर वेळ संपली.

निकाल लागल्यावर काही उद्योग नव्हता म्हणून पुस्तक उघडलं. प्रत्येक धड्याच्या आरंभी एक नियम छापला होता. त्याच्यापुढे उत्तर नव्हतं, म्हणून मास्तरांनी तो सोडून दिला होता. त्या दुपारी मी त्या नियमांनी सगळी उदाहरणं सोडवली, आकडे बदलून पाहिले, तीही सुटली. कागद फाडून टाकावेत असं वाटलं. रडूही आलं.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "या खेपेला अडखळलास कुठे?"

"अडखळलो नाही, आबा. आकडे दर वेळी बदलतात. उत्तर पाठ करून भागत नाही."

ते म्हणाले, "मग पाठ काय करायचं?"

"फक्त नियम. धड्याला एक ओळ."

"एकच?"

"एकच."

कचेरीत आता काही होईल का, असं त्यांनी विचारलं नाही. माझं वय त्यांना माझ्याहून बरं ठाऊक होतं. त्यांनी चाचपडत खुंटीवरचा धुतलेला पंचा काढला, घडी मोडली आणि माझ्या हातात दिला.

"उद्या माझ्याबरोबर चल," ते म्हणाले. "खडवलीला श्राद्ध आहे. मला आता वाट दिसत नाही."