घुबड उडालेली लॅब

सेंदाईच्या आमच्या लॅबमध्ये माणसं तीन, आणि तिघंही गप्प. तरी किस्से साठतातच! ऐकवायला कुणी नाही, म्हणून जरा जास्तच साठतात.

आईला अजून पटलेलं नाही. "लॅब म्हणजे उंदीर कापता का गं?"

"नाही गं! जुन्या इजिप्तची रोजच्या वापरातली लिपी. चित्रं घाईघाईत लिहून लिहून त्यांच्या रेघोट्या झाल्या, त्या वाचायच्या."

"आणि त्यासाठी जपान?"

तिला एवढंच सांगितलंय, मार्चपर्यंत इथे बोलायला एक माणूस मिळालं नाही, तर पीएचडी सोडून पुण्याला परत येते.

*

पहिल्याच दिवशी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, पांढऱ्या फळ्यावर घुबड काढलं. डोळे, पिसं, सगळं. शेजारी तेच भराभर लिहिलं. मग आणखी भराभर. शेवटी उरली एक वाकडी रेघ.

"घुबड कुठे गेलं?" मी घाबरत विचारलं.

"उडालं." चेहरा मख्ख!

हसायचं की लिहून घ्यायचं, कळेना. मी लिहून घेतलं.

*

एकदा सेन्सेई म्हणाले, "मराठीतही अशी पळती लिपी होती ना? मोडी. दाखवा लिहून."

मला मोडीचं एक अक्षर येत नाही!

"तुम्ही पुण्याच्या ना?"

"हो, पण... कोथरूडची."

*

तिसऱ्या मोरीसान, माझ्या सीनियर. लॅबमधल्या स्लिपर्समध्ये त्यांचा आवाजच येत नाही. मी बोरूने सराव करत होते, तेवढ्यात मागून एक हात आला आणि टेबलावर बिस्कीट ठेवलं. मी किंचाळले! शाई त्यांच्या बाहीवर.

त्या माफी मागायला वाकल्या. माफी खरं तर मी मागायची, म्हणून मीही वाकले. डोकी आपटली!

तेव्हापासून त्या लांबूनच कपाटावर टकटक करतात आणि बिस्कीट कोपऱ्यावर ठेवून जातात. बोलत मात्र नाहीत.

*

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. दोघंही गेलेले, बाहेर बर्फ. मी फळ्यावर त्याच रेघोट्यांत लिहिलं, 'मी एकटीच भाकरी खाते.' अख्ख्या सेंदाईत कोण वाचणार होतं! बिनधास्त तसंच ठेवून निघाले.

बसमध्ये लक्षात आलं. ही लिपी वाचणारी माणसं त्याच खोलीत तर बसतात!

सकाळी धावत गेले. फळा पुसलेला नव्हता. सेन्सेईंनी लाल मार्करने माझी एक रेघ लांब केली होती. खाली, त्याच लिपीत, मोरीसानच्या बारीक अक्षरात:

'भाकरी आण. बिअर माझ्याकडे आहे.'