गाऱ्हाण्यात कोणाकोणाची नावं

कुटुंब म्हणजे काय, हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. अंधेरीच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. पूर्वीचे विद्वान म्हणायचे, एक छप्पर, एक चूल आणि रक्ताचं नातं म्हणजे कुटुंब. मग आले ते म्हणाले, नवरा-बायको आणि मुलं, बस्स! आताचे म्हणतात, नात्याचं नाव सोडा, कोण कोणासाठी काय करतं ते बघा. हे शेवटचं मी इतक्या तळमळीने सांगते की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात. (निदान एकदा झाली होती.)

यंदा दादांशिवायचा पहिला गणपती. दादा म्हणजे माझे वडील. ते गेले त्या वर्षी आम्ही मूर्तीच आणली नव्हती. आमच्या मालवणी घरात पूजेनंतर कर्ता माणूस नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालतो. घरच्या एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगायचं, ह्याला सांभाळ, तिला सांभाळ, आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" ज्याचं नाव आलं तो घरचा. दादांचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे गुजराती शेजारीही तिथून "व्हय म्हाराजा" म्हणायचे!

भाऊ अविनाश कॅनडात, म्हणून नारळ माझ्या हातात आला. पेच होता सुलू वहिनीचा. अविने तिला घटस्फोट देऊन तिकडे दुसरं लग्न केलं. ही मात्र दादांच्या मुलुंडच्या घरातच राहिली. "नवरा सुटला, सासऱ्याने माझं काय घोडं मारलंय?" म्हणाली. दादांचं शेवटपर्यंत सगळं तिनेच केलं. आज ती पूजेला बसली नव्हती. मोदकांचं निमित्त करून स्वयंपाकघरात उभी होती, आणि तिचे कान बाहेर होते, हे मला कळत होतं.

"बा देवा म्हाराजा!" मी सुरुवात केली. "अविची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. देवाच्या उंदराला टेकवून ठेवलेल्या फोनमधून अविचा "व्हय" नेटवर्कमुळे मागाहून आला.

"त्याच्या बायकोची..." म्हटलं आणि अडखळले. कुठल्या?

"कॅनडातल्या," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे दादांची बहीण.

"आणि सुलू वहिनीची?"

"त्येंचो घटस्फोट झालो ना? मगे तिचा नाव कित्याक?"

"असं नसतं गं, आत्या. कुटुंबाची कल्पना आधी रक्तावर उभी होती, नंतर..."

"देवाक शिकवतंस काय गो? तो काय तुझ्या कॉलेजात नाय!"

मी थांबते कसली! दुसऱ्या टप्प्यावर येईतो कापूर विझला. तिसऱ्या टप्प्यावर हातातला नारळ सटकला, फोनवर आदळला आणि अवि थेट पंचामृतात गेला! "व्हय म्हाराजा," तो आतून म्हणाला.

घाबरून मी गाऱ्हाणं जिथून आठवलं तिथून धरलं. दरवर्षी दादांचं संपलं की मी माझी एक ओळ जोडायचे. तीच तोंडातून गेली. "आणि म्हाराजा, दादांच्या गुडघ्यांक आराम पडू दे..."

आत्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. दादा नव्हते, गुडघेही नव्हते. ते गेल्याचं मला खरं तर त्या क्षणी कळलं.

मग स्वयंपाकघरातून एकच आवाज आला, फाटलेला. "व्हय म्हाराजा."

ते गुडघे तिनेच तर तेल लावून चोळले होते. आत्याने पदर डोळ्यांना लावला. "घे गो तिचा नाव."

"कोण म्हणून घेऊ?" (सवय जाते का!)

"सुलू म्हणान घे!"

मी घेतलं. आम्ही रडत रडतच "व्हय म्हाराजा" म्हणालो. वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. नारळ उचलून तिने माझ्या हातात दिला, अविला पंचामृतातून काढून पदराने पुसलं, आणि हळूच म्हणाली, "ताई, इतक्यात नारळ ठेवू नका. भावोजींचं नाव राहिलंय."

मी वळून पाहिलं. माझा नवरा मघापासून घंटा धरून ताटकळत उभा होता. आणि कॉलेजात मला सगळे 'कुटुंबवाल्या मॅडम' म्हणतात!