बापाची थुंकी

इंग्रजी भाषेवर इतकं एकतर्फी प्रेम करणारा माणूस आमच्या खामगावात दुसरा झाला नाही. महाराष्ट्र नुकता झाला होता, जो तो दुकानाची पाटी मराठीत रंगवून घेत होता, आणि आमच्या घरासमोरच्या खोलीत एकटे राहणारे हे इंग्रजीचे मास्तर मात्र भेटेल त्याला एखादा इंग्रजी वाक्प्रचार नजराण्यासारखा बहाल करत हिंडत. तोही मराठी करून, कारण समोरच्याला कळला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे. तालमीतल्या जुळ्या पैलवानांना ते कौतुकाने म्हणाले, "तुम्ही म्हणजे एका शेंगेतले दोन वाटाणे." दारातून आडवं होऊन शिरावं लागणारे ते वाटाणे दोन दिवस मास्तरांना शोधत होते. पाटलांच्या मुलाला, बापाच्या वळणावर गेलाय म्हणून, त्यांनी "जुन्या ओंडक्याची ढलपी" म्हटलं. "ओंडका कोनाले म्हनता, मास्तर?" थोरल्या पाटलांनी शांतपणे विचारलं, आणि तिथला चहा संपला. अशी एकेक दारं मिटत शेवटी आमचंच उरलं. दर रविवारी ते आमच्याकडे जेवत.

माझ्या मुलाच्या बारशाला सगळे घुगऱ्या खात असताना मास्तर पाळण्यावर वाकले आणि म्हणाले, "इंग्रजीत याला बापाची थुंकी म्हणतात. हुबेहूब!" माझे सासरे चावायचे थांबले. मी तरुण होतो, त्यात जावई. म्हणालो, "मास्तर, तुम्ही निघा आता." ते निघाले. घुगऱ्यांचा द्रोण हातात तसाच.

पाहुणे पांगल्यावर आई म्हणाली, "काऊन हाकललं बे मास्तरले? लेकराले चांगलं म्हटलं का आपनही थू थू करूनच दृष्ट काढतो ना. गोऱ्या साहेबाची मायही तेच करत असंल."

तरी मी चार रविवार ताठ्यात घालवले. पाचव्या रविवारी समोर गेलो. मास्तर स्टोव्हवर खिचडी ढवळत होते. "आई बोलावते," म्हणालो. मी बोलावतो म्हणायचं धाडस झालं नाही. त्यांनी स्टोव्ह विझवला आणि सदरा बदलून लगेच आले.

पुढे वर्षभर आले. पावसाचं बोलत, कापसाचं बोलत. कोण कोणासारखा दिसतो, हे कधीच नाही. जानेफळला बदली होऊन ते निघाले, तेव्हा मुलगा चालू लागला होता. मी त्याला पुढे करून मुद्दाम विचारलं, "सांगा मास्तर, कोणावर गेलाय?"

मास्तर वळकटीची दोरी आवळत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू? बारशानंतर मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही हो."