इन्शिराहने पाहिलेला चेहरा

इन्शिराह सोफ्याच्या गाद्यांना खोळी शिवायची. इजिप्तमधल्या दुमयात गावात एका घराआड एक सुतार, त्यामुळे तिच्यासारख्या बायांची मशिनं दिवसभर धडधडत असत. नवरा रिफअत पलंगाच्या उशाकडच्या फळ्यांवर वेलबुट्टी कोरायचा. बाई तोंडाची फटकळ. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "एवढ्यात गादी नाही मिळत बाबा. तुझ्या आईच्या मांडीवर जाऊन बस." आणि मग स्वतःच खदाखदा हसायची.

पहिली मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली, तेव्हापासून ते हसणं उतरलं.

इस्पितळात ती शुद्धीवर आली तोवर सगळं उरकलं होतं. रिफअतने मुलीला स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातलं, कफनात गुंडाळलं आणि नेऊन पुरलं. "बरं झालं पाहिलं नाहीस," आई म्हणाली, "पाहिली असतीस तर डोळ्यांपुढून हलली नसती."

न पाहिलेली मुलगी मात्र हललीच नाही. दुपारी मशीन चालवताना मांडीवर काहीतरी उबदार, जड येऊन बसायचं. इन्शिराह दचकून खाली बघायची, तर तिथे कापसाचा गोळा. स्वप्नात ती पांढऱ्या कापडाची घडी उलगडत बसायची. आत आणखी कापड, त्याच्या आत आणखी. तोंड कधी लागायचंच नाही. आई म्हणे, हे करीनेचं काम. बाईबरोबर जन्मलेली तिची अदृश्य जोडीदारीण, तिला बाईचं लेकरू बघवत नाही. आईने उंबऱ्यावर मीठ टाकलं, गळ्यात निळा मणी बांधला.  रिफअतने पाळण्यांची कामं घेणं सोडून दिलं.

काही वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला "सगळं ठीक आहे" म्हणायच्या. सोनोग्राफीच्या पडद्याकडे मान वळवायला इन्शिराह तयार नसे. आणि मग सातवा महिना लागला.

"वहिनी, चल ना," नणंद तहानी मागेच लागली. "बाजारात नवीन केंद्र निघालंय. बाळाचं तोंड असं स्वच्छ दिसतं, फोटो काढल्यासारखं. माझ्या शेजारणीचं जांभई देत होतं!"

"जन्मल्यावर बघीन की. कुठे पळून जातंय?"

बोलून गेल्यावर तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली.  रिफअत कोपऱ्यात पटाशीला धार लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "जाऊन येऊ या."

केंद्र नवरीच्या कपड्यांच्या दुकानाच्या वर होतं. डॉक्टर मायसा चाळिशीची, बोलकी. तिने आधीच सांगून टाकलं, "हे हौसेचं आहे हं, तपासणी नव्हे. इस्पितळातली सोनोग्राफी झालीय ना? तीच खरी. मी यंत्र थोडा वेळच ठेवणार. खटकणारं काही दिसलंच तर लपवणार नाही, लगेच तुमच्या डॉक्टरांकडे पाठवीन. आणि बाळाच्या मनात नसेल तर तोंड दिसणारही नाही, मग माझ्यावर रुसायचं नाही."

पोटावर कोमट चिकट लेप पसरला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पितळी रंगाचं काहीतरी हललं. पाय दिसला, गुडघा दिसला. चेहऱ्याच्या जागी दोन मुठी घट्ट मिटलेल्या.

"बापावर गेलंय," तहानी म्हणाली. "तोही बायकोपासून तोंड लपवतो."

"राहू द्या," इन्शिराह घाईने म्हणाली. "नसेल दाखवायचं त्याला." आपल्या आवाजातला सुटकेचा सूर तिला स्वतःलाच ऐकू आला. मुठींमागे काहीच नसलं तर? कापडाच्या आत पुन्हा कापडच?

"गोड खा आणि जरा फिरून या," डॉक्टर म्हणाली. "कूस बदलेल."

तहानीने खालून जिलबीसारखी गरम मुशब्बक आणली. पाकाने बोटं चिकट झाली, तरी इन्शिराहने दोन कडी कशीबशी गिळली, गॅलरीत येरझाऱ्या घातल्या आणि पुन्हा येऊन आडवी झाली. या वेळी ठोके ऐकू आले, घोडा उधळल्यासारखे. तिने डोळे मिटून घेतले.

"हात काढला बघा," डॉक्टर म्हणाली.

इन्शिराहने डोळे उघडले. मिटलेल्या पापण्या. चपटं नाक. वरचा ओठ किंचित पुढे आलेला, हनुवटीवर खळी. चेहरा होता.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रिफअत उठून बाहेर गेला होता.

लेप पुसून ती त्याच्यामागे गेली. तो जिन्यात भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

"काय झालं?"

"काही नाही. आत उकडत होतं."

"रिफअत."

"तीच आहे," तो म्हणाला. "तीच खळी. ओठ तसाच. मी धुतलंय ते तोंड, इन्शिराह. मी ओळखणार नाही?"

 क्षणभर तिला वाटलं, गेलेलीच कुणीतरी पोटात परत आणून ठेवली आहे. तेवढ्यात आतून लाथ बसली, जोरात.

"भावंडं आहेत," ती हळूच म्हणाली. "सारखी दिसणारच." मग तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"तू माझ्याकडे बघत तरी होतास का? विचारणार कुणाला, भिंतीला?"

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "नाव ठेवलं होतं मी. बिननावाची कशी पुरायची? नव्वारा. माझ्या आजीचं."

इन्शिराह पायरीवर बसली. इतकी वर्षं ती नुसती 'ती' होती.

फोटो घेऊन तहानी आली. डॉक्टर दारातून म्हणाली, "फोटो सुंदर आलाय म्हणून निर्धास्त राहू नका. हालचाल कमी वाटली तर सरळ इस्पितळ गाठायचं."

तो फोटो इन्शिराहने भिंतीवर लावला नाही. काम थांबलं की काढून बघायची, आणि आपण कुणाकडे बघतोय हे तिला कळायचं नाही. भीती कमी झाली नाही, वाढलीच. एका सकाळी बाळ हलेना, तशी हातातली खोळ टाकून ती टुकटुक रिक्षात बसून इस्पितळात गेली. पट्टा लावून डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. बाळ नुसतं झोपलं होतं. तिथून ती रडत घरी आली.

मुलगा झाला. दाई गुंडाळायला लागली तसं इन्शिराहने तिचं मनगट धरलं. "आधी तोंड दाखव." ती बघत राहिली, दाई ओरडेपर्यंत. नाव ठेवलं सुहैल.

ईदच्या सकाळी तिघं कबरस्तानात गेली. घराण्याच्या कबरीला लागून लेकरांची वेगळी जागा होती, वरून नुसती माती. रिफअत इकडे गेला, तिकडे गेला, वाकून बघू लागला.

"इथेच कुठेतरी," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा ही भिंत नव्हती."

इन्शिराहने कबरीवर वाहायला आणलेली खजुराची झावळी मोडून तिचे तुकडे केले आणि सगळ्या मातीवर पसरले. "नव्वारा," ती मोठ्याने म्हणाली, "आई आलीय गं." सुहैल भुकेने कुरकुरायला लागला होता. भिंतीच्या सावलीत बसून तिने त्याला पदराखाली घेतलं.