शेवटच्या शेताची पाळी

"थांबा, तिचं ऱ्हायलंय." असं म्हणून सर हाताची घडी घालून फळ्याला टेकायचे आणि मग खरोखरच थांबायचे. तुम्ही कधी वर्गात शिकवलं असेल, तर ती शांतता किती जड जाते ते तुम्हाला ठाऊक असेल.

लासुर्ण्याजवळच्या आमच्या शाळेत वेळापत्रक माझ्याकडं होतं. गटकार्याच्या याद्याही मीच केल्या होत्या. हुशार मूल गटप्रमुख, चांगल्या अक्षराचं लेखक, बाकीचे सदस्य. सरांनी यादी वाचून विचारलं, "बाई, बाकीच्यांनी काय करायचं? टाळ्या?"

मला राग आला. पण माझ्या वर्गात गटप्रमुख लिहायचा आणि बाकीचे खोडरबर शोधत बसायचे, हे खरं होतं.

सरांच्या वर्गात गटप्रमुख नव्हताच. गटातर्फे कोण बोलणार, याची चिठ्ठी ते ऐनवेळी काढायचे. त्यामुळं हुशार पोरं गप्प पोरांना जीव तोडून समजावायची.

सगळ्यांत गप्प रेणुका. दिवाळीनंतर शाळेत आली, ती वर्गात तोंडच उघडेना. शाळा सुटल्यावर सर तिच्याजवळ पायरीवर बसायचे. "गटात बोलाय लागलीय. आता उभं राहून बोलंल," असं एकदा मला म्हणाले.

तपासणीला साहेब आले. प्रश्न होता, पाटाचं पाणी बारा तास आहे, ओळीनं चार सारखी शेतं आहेत, कसं वाटाल? चिठ्ठी रेणुकाची निघाली. ती उभी राहिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"थांबा, तिचं ऱ्हायलंय."

साहेबांना दाखवायचे अजून तीन वर्ग माझ्या कागदावर बाकी होते. मी दारातून तिच्या गटातल्या प्रणवला खूण केली. तो हुशार. ताडकन उठून म्हणाला, "तीन-तीन तास." साहेब 'छान' म्हणाले. रेणुका खाली बसली.

सर चिडले नाहीत. व्हरांड्यात एवढंच म्हणाले, "बाई, ती बोलणार व्हती."

बाकं आवरताना तिचा कागद सापडला. 'शेवटच्या शेताला जास्त वेळ. पाणी वाटेत मुरतं.' साहेबांची गाडी तोवर बारामतीच्या रस्त्याला लागली होती.

पुढं सरांची बदली झाली आणि तो वर्ग मला मिळाला. चिठ्ठ्यांचा डबा ते ठेवून गेले. आता मीही चिठ्ठी काढते. रेणुकाची निघाली की ती उठते. मी फळ्याला टेकून थांबते, हवं तेवढं थांबते. ती प्रणवकडं बघत राहते.