पान अडलं त्या वर्षी

लग्न होऊन मी धानोऱ्याकडं गेले तेव्हा जंगल म्हणजे चांद्याच्या परकोटावरून दिसणारी हिरवी रेघ, एवढंच मला ठाऊक होतं. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. आई लहानपणीच गेलेली, वडील लग्नाच्या आदल्या वर्षी गेले. भावानं स्थळ पाहिलं, मुलगा एका शेठजीकडं मुनीम आहे, राहायला घर आहे, एवढं ऐकलं आणि होकार दिला.

घर होतं, पण गावात नव्हतं. धानोऱ्यापासून बैलगाडीच्या वाटेनं आत गेलं की मोहाच्या झाडांमध्ये एक मोकळं पटांगण लागायचं. त्याला फड म्हणायचे. वैशाखात आसपासच्या पाड्यांतल्या बाया तेंदूची पानं तोडून, पुडे बांधून तिथं आणायच्या. पुडे ओळीनं वाळत घालायचे, उलटायचे, पाणी शिंपून नरम करायचे आणि तरटाच्या मोठ्या पोत्यांत दाबून भरायचे. त्या पोत्यांना बोद म्हणत. फडाच्या एका कडेला कुडाचं लांब गोदाम आणि त्याला लागून आमच्या दोन खोल्या. पत्त्याचा, म्हणजे या पानाचा, हंगाम महिनाभराचा. तेवढे दिवस तिथं जत्रा असायची. एरवी आम्ही दोघं, आणि थोडं पलीकडं चौकीदार आणि त्याची बायको.

चौकीदाराची बायको गोंड होती, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. मोडकंतोडकं मराठी बोलायची. मी तिला बाई म्हणायची आणि ती मला बाई म्हणायची.

आमच्या शेठजींचा पत्ता बैलगाड्यांनी गडचिरोलीला, तिथून ट्रकनं वडशाच्या स्टेशनावर आणि रेल्वेनं कलकत्त्याला जायचा. कलकत्त्याहून पुढं सरहद्दीपलीकडं, पूर्व पाकिस्तानात. तिकडं विड्या वळणारे पुष्कळ, पण तेंदूचं पान आपल्याकडंच. फाळणी झाली तरी विडी ओढणारे विडी ओढतच होते, त्यामुळं धंदा चालूच राहिला होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात तो अडला.

भांडण पानाचं नव्हतंच. ते तागाचं होतं. ताग पिकायचा तिकडं आणि तो विणायच्या गिरण्या इकडं, कलकत्त्याच्या बाजूला. त्यांनी आपल्याकडं येणाऱ्या तागावर जादा पैसे बसवले. मग आपण त्यांच्याकडं जाणाऱ्या कोळशावर बसवले. त्यावर चिडून त्यांनी आपल्या आणखी कशाकशावर जकात वाढवली, आणि त्यात विडीचं पान आलं. हे सगळं मला ह्यांनी जेवता जेवता सांगितलं. मी म्हटलं, "मंग आपला पत्ता?"

"आपला पत्ता कलकत्त्याच्या यार्डात उभा आहे," हे म्हणाले. "तिकडचा व्यापारी म्हणते, एवढी जकात भरून मले परवडत नाई. शेठजी म्हणते, तू जा आन मालापाशी राहा. ओल लागली त माती होईल."

"किती दिवस?"

"आता काय सांगू? पंधरा दिवस, महिना."

अर्धा माल गेला होता, अर्धा अजून गोदामात होता. तोही आता जाणार नव्हता. मी विचारलं, मी भावाकडं जाऊ का? हे हात धुऊन आले. मग म्हणाले, "इथी कोणी नसलं त शेठजी दुसरा माणूस ठेवून देतील. मंग परत येऊन राह्याचं कुठी? तू राह्य. चौकीदार आहे, बाई आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. मी वाटेपर्यंत गेले होते. बैलगाडी वळली, मग नुसता चाकांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. मी परत आले आणि चूल पेटवली. दोन माणसांचा भात घातला. लक्षात आलं तेव्हा तांदूळ शिजत आले होते.

पाऊस लागला आणि वाटा बंद झाल्या. मधल्या नाल्याला पाणी आलं की धानोराही परदेश. टपाल धानोऱ्याला यायचं, आणि नाला उतरला तर चौकीदार बाजाराच्या दिवशी ते घेऊन यायचा. ह्यांची पत्रं छोटी असत. तब्येत बरी आहे, माल अजून तिथंच आहे, नदीच्या काठी गोदाम मिळालं आहे, बोद तिथं हलवले, मीही तिथंच झोपतो, तू गोदामातले बोद उलटत जा. कलकत्ता कसं आहे, काय खातात, कोण भेटतं, यातलं काही नाही. मी पत्र वाचून संपवायची आणि वाटायचं, एवढंच?

बोद उलटायचं काम मात्र खरं होतं. ओल लागली की पानांना आतून बुरशी धरते आणि आंबूस वास यायला लागतो. बाई आणि मी दोघी मिळून खालचे बोद वर आणि वरचे खाली करायचो. जमिनीकडून उधई, म्हणजे वाळवी, लागली होती, तिथं राख पसरायचो. उघडीप मिळाली की एखादा बोद सोडून पानं ओसरीत पसरायचो. हे नदीकाठच्या कुठल्यातरी गोदामात तेच करत असतील असं माझ्या मनात यायचं. पण त्यानं जवळीक वाटायची नाही. उलट वाटायचं, दोन माणसांचं लग्न पानांच्या राखणीसाठीच लावलं होतं की काय.

सगळ्यात जास्त छळलं ते बोलायला कुणी नसणं. बाईशी बोलायची, पण तिचं मराठी चारच वाक्यं पुढं जायचं आणि माझी गोंडी सुरूच झाली नव्हती. चौकीदार तर माझ्यासमोर मान वर करत नसे. मी एकटीच मोठ्यानं बोलायला लागले. भांडी घासताना वडिलांशी बोलायची, गोदामात बोदांशी बोलायची. एकदा बाईनं ऐकलं. ती दारात उभी राहून पाहत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या दिवसापासून ती दुपारची आपलं काम घेऊन माझ्या ओसरीत येऊन बसायला लागली. टोपलीसाठी बांबूच्या काड्या सोलायची. बोलणं नसायचंच. कधी एखाद्या वस्तूकडं बोट दाखवून तिचं नाव सांगायची. पाण्याला एर. पानाला आकी. मी म्हटलं की हसायची आणि पुन्हा म्हणायला लावायची.

ह्यांना ती भाऊ म्हणायची. तिनं एकदा विचारलं, "भाऊ काऊन येत नाई?"

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिकडं दुसरा देश आहे. आपला आणि त्यांचा ताग नावाच्या एका पिकावरून वाद झाला. अंबाडीसारखंच असतं ते. त्यांनी त्यावर पैसे लावले, मग आपण कोळशावर लावले, मग त्यांनी पानावर लावले. ती काड्या सोलायची थांबून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हं. मंग भाऊ कधी येते?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या हाताला बांबूच्या कुसळांचा खरखरीतपणा होता. आई गेल्यापासून तसा हात कुणी ठेवला नव्हता.

पोळा झाला, दिवाळी झाली. दिवाळीला भावाकडून निरोप आला की ये, पण बरोबर कुणी नव्हतं आणि गोदाम होतं. मी दारात दिवे लावले. पाड्यावर त्यांचा सण आपल्या वेळेनं, आपल्या रीतीनं होणार होता, त्यामुळं त्या संध्याकाळी सगळ्या जंगलात दिवे फक्त माझ्याच दारात होते. बाई आली, दिव्यांजवळ बसली, आणि तेल संपेपर्यंत बसून राहिली.

थंडीत मला ताप आला. हिवतापच तो, तिकडं सगळ्यांनाच यायचा. त्या तापात बाईनं मला पेज पाजली, कसलीशी कडू साल उगाळून दिली. मी तापात गोंडीत बोलत होते असं तिनं नंतर सांगितलं. काय बोलत होते विचारलं तर म्हणाली, "पानी मांगत होती. एर, एर." तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. चौकीदारालाही तिनं सांगितलं होतं.

हे शिमग्याच्या सुमाराला परत आले. मी भाकरी थापत होते. गाडीचा आवाज आला म्हणून बाहेर गेले तर एक माणूस खाली उतरत होता आणि मी त्याला ओळखलं नाही. गालफडं आत गेलेली, केस कानाच्या वर पांढरे झालेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "किती वाळली तू." मी म्हटलं, "तुमी बी."

माल गेला का, हे मी जेवण झाल्यावर विचारलं. हे म्हणाले, "थोडा कलकत्त्यातच विकला, मातीच्या भावानं. बाकीचा सडला. नदीत टाकला."

"आपल्या हातानं?"

"आपल्याच हातानं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली की दोन्ही देशांची बोलणी झाली, समेट झाला. तागावरचं उतरलं, कोळशावरचं उतरलं. धानोऱ्याच्या मास्तरांनी नागपूरचा पेपर चौकीदाराबरोबर मुद्दाम पाठवला होता. मी तो दोनदा वाचला. त्यात पानाचा शब्द नव्हता. पण मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. हे ओसरीत पडून होते. म्हणाले, "त्यायचं जमलं. शेठजीचं नाई जमत आता."

आणि खरंच शेठजींचा माणूस येऊन सांगून गेला की या वर्षी फड लागणार नाही. शेठजी लाकडाच्या धंद्यात शिरले होते. गोदामातला उरलेला माल त्यानं पाहिला, नाक मुरडलं, आणि जे काही बरं होतं ते उचलून नेलं. एवढा पावसाळा आम्ही दोघींनी खालीवर केलेले ते बोद एका सकाळीत गेले.

पण जंगलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. फाल्गुनात पाड्यावरच्या लोकांनी नेहमीप्रमाणं तेंदूची झुडपं छाटली होती. वैशाखात त्यांना कोवळी, तांबूस पानं फुटली, मोठी झाली, आणि एका सकाळी बाया पुडे घेऊन फडावर आल्या. डोक्यावर टोपल्या, पाठीवर मुलं. आदल्या वर्षी आल्या होत्या तशाच. पटांगणात येऊन उभ्या राहिल्या आणि दाराकडं पाहत राहिल्या.

मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, "बाया आल्या आहेत."

हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तू सांगून दे."

मी बाहेर आले. चौकीदाराची बायकोही त्यांच्यात होती, तिच्याही डोक्यावर टोपली होती. तिला सगळं ठाऊक होतं, तरी ती आली होती. मी काय सांगणार होते? देशांचं भांडण मिटलं म्हणून? तिथं चालेल असा एकच गोंडी शब्द मला येत होता, तो मी म्हटला. "हिल्ले." नाही.

कुणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारी काहीतरी बोलली, बाकीच्यांनी मान हलवली. मग त्या मोहाखाली सावलीला बसल्या. बराच वेळ बसल्या. मला वाटलं, आता उठून जातील. उठल्या, पण टोपल्या उचलल्या नाहीत. आपापले पुडे त्यांनी पटांगणात ओळीनं मांडले, नेहमी मांडायच्या तसे, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन निघून गेल्या. तोडलेलं पान परत नेऊन करायचं काय होतं?

मी दुसऱ्या दिवशी ते पुडे उलटले. कुणासाठी ते माहीत नव्हतं, पण ऊन लागत होतं आणि एक बाजू वाळली होती. बाई आली आणि दुसऱ्या टोकापासून उलटत आली. हे ओसरीतून आमच्याकडं पाहत होते. शेवटी गडचिरोलीचा एक विडीवाला गाडी घेऊन आला, त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. त्यानं पानं नेली आणि बदल्यात मीठ उतरवलं. मीठ बाईनं पाड्यावर वाटलं. माझ्या दारातही तिनं एक द्रोण भरून ठेवला.

मृगाच्या आधी आम्ही चांद्याला आलो. ह्यांना एका लाकूड डेपोत काम मिळालं. गल्लीत घर, भिंतीला भिंत, दिवसभर बायकांची बोलणी. मी ज्यासाठी वर्षभर तळमळले होते ते सगळं होतं, आणि मला ते सोसवेना. दुपारी शेजारणी येऊन बोलत बसायच्या, आणि मला वाटायचं, यांनी थोडा वेळ गप्प बसावं, हातात काहीतरी काम घेऊन नुसतं माझ्याजवळ बसावं. पुढं मुलं झाली, संसार झाला. पण बाईच्या जागी कुणी बसलं नाही.

हे कलकत्त्याचं कधी बोलले नाहीत. एकदाच बोलले, मुलं मोठी झाल्यावर, एका थंडीतल्या सकाळी शेगडीशी बसून. म्हणाले, तिकडचा तो व्यापारी एकदा सरहद्द ओलांडून आला होता. म्हातारा होता. बोद उघडून त्यानं एक पान हातात घेतलं, उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. बढिया पत्ता है, म्हणाला. मग ते पान त्यानं पुन्हा आत ठेवलं. दोघांनी चहा घेतला आणि तो गेला.

"मले वाटे त्याच्यासंगंच बोलत बसावं," हे म्हणाले. "तिथी मले ओळखणारा तोच एक होता."

मी वाट पाहिली. मला वाटलं, आता हे विचारतील, तू कशी राहिली होती तिकडं एकटी. त्यांनी हात शेकले, उठले आणि डेपोवर जायला निघाले. मी त्यांना डबा दिला.